पेत्काच्या सणाला सुई

आई,

तुम्ही चर्चमधून परत याल तेव्हा आम्ही विमानतळाच्या वाटेवर असू. तोंडावर सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून तुमच्या लेकाला, राडोवानला, गाडी काढायला लावली.

बाळाचा मणका खाली कमरेपाशी जुळलेला नाही, उघडा राहिलाय. परदेशातले डॉक्टर तो पोटातच शिवणार आहेत. संत इलियाच्या सणाला पोटुशी असून मी बाही शिवली म्हणून हे झालं, असं तुम्ही गावभर सांगितलंत. आई, मणका पहिल्याच महिन्यात जुळतो. तेव्हा मी तुमच्याच मळ्यात रासबेरी तोडत होते आणि दिवस गेलेत हे मलाही कळलं नव्हतं. बाही शिवली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या झाकून ठेवल्यात, सोलायच्या तेवढ्या राहिल्या.

ऑपरेशन नेमकं संत पेत्काच्या सणाला आलंय. त्या दिवशी बाईने सुई धरायची नसते, माहीत आहे मला. पण शिवणारी डॉक्टर बाईच आहे. तुम्ही पेत्कापुढे मेणबत्ती लावालच. या वेळी ती माझ्या पापासाठी नको, त्या डॉक्टरच्या हातासाठी लावा.

यास्ना