बुश, बिजागरी आणि समोरचं दार

४ नोव्हेंबर
समोरचं जुनं दार अडकत होतं, लाथा घालून उखडलं. नवं ओकचं मी स्वतः बसवणार. बायको मार्लिस म्हणाली, पहिल्या बर्फाआधी दार लागलं नाही तर बहिणीकडे जाईन, ती कायमची. आमच्या मिनेसोटात बर्फाला अजून वेळ आहे. तिचा भाऊ गॉर्डी म्हणतो, बिजागऱ्यांच्या खाचा म्हणजे पटाशीने तासाभराचं काम. पटाशी म्हाताऱ्यांनी वापरावी. मी राउटर आणलाय, लाकडात खाच पाडणारं विजेचं यंत्र.

७ नोव्हेंबर
राउटरच्या तळाला गाईड बुश लावायचा, म्हणजे पितळी कडं. ते साच्याला घासत फिरतं, त्याच्या आतलं पातं लाकूड खातं. चूक होणं शक्यच नाही. साचा बरोब्बर बिजागरीच्या मापाचा कापला. खाच लहान झाली. बिजागरी सदोष आहे. हातोड्याने हाणून बसवली. ती दुमडली, दाराचा टवका उडाला.

८ नोव्हेंबर
गॉर्डी म्हणे, बुशची जाडी सोडून साचा मोठा कापायचा असतो. मला ठाऊक होतं. मोठा कापला. आता बिजागरी खाचेत डुगडुगते. हवा खेळती राहील.

११ नोव्हेंबर
बुश नीट आवळला नव्हता असं गॉर्डीचं मत. बुश सुटून पात्यावर आपटला. पितळेचे तुकडे उडाले, गॅरेजची काच फुटली, एक तुकडा माझ्या मांडीत घुसला. राउटर उसळून गॉर्डीच्या बुटावर. तो हसला, मी त्याच्या खांद्यात मोगरी घातली. त्याने माझं नाक फोडलं. एकंदरीत काम पुढे सरकलं.

१३ नोव्हेंबर
बर्फ पडला. मार्लिस दाराच्या जागी टांगलेली ताडपत्री बाजूला सारून निघून गेली. अडवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते नाकामुळे.

१५ नोव्हेंबर
दार लागलं! साचा उलट्या बाजूला लावला गेला, त्यामुळे ते बाहेर उघडतं. घरात जागा वाचली. मार्लिसला फोन केला. उद्या येते म्हणाली, खरंच दार असेल तर राहते. जिंकलो.

१६ नोव्हेंबर
सकाळी दारापुढे कमरेएवढा बर्फ, दार बाहेर ढकललं जाईना. बाहेर मार्लिस, बॅगेसकट. गॉर्डी फावडं मारत ओरडला, जरा थांब. मी थांबणाऱ्यातला नाही. धावत येऊन धडक दिली. बिजागऱ्या स्क्रूसकट निघाल्या. गॉर्डीवर दार, दारावर मी. मार्लिस आम्हा दोघांवरून चालत आत गेली आणि उरलेले कपडे घेऊन आली.
"उठू नकोस, व्हर्लिन," ती म्हणाली. "मला जायला असंच सोपं पडतं."

संध्याकाळी
दार चौकटीत उभं केलंय आणि पाठीने रेटून बसलोय. वारा अजिबात येत नाही. मार्लिस परत आलीच, तर मात्र उठावं लागेल.