आजोबांचा थोरला मुलगा

४ मार्च
शाळेच्या कचेरीत निघाले होते. वाळूवर देवमासा — मेलेला. आमच्या होडीपेक्षा लांब. आसपास कुणी नव्हतं. गावात जाऊन सांगितलं. वाटलं, माझं काम संपलं.
संपलं नाही! आमच्याकडे देवमाशाला आजोबा म्हणतात, आणि मेलेल्या आजोबांना जो सगळ्यांत आधी पाहतो तो त्यांचा थोरला मुलगा. कपाळाला पांढरी पट्टी बांधून तीन वर्षं सुतक त्यानेच पाळायचं. देवळाच्या ओट्यावर तासभर वाद. "बाई मुलगा कशी होणार?" शेवटी पुजारी दिन्हकाका म्हणाले, "सगळ्यांत आधी पाहणारा, एवढाच नियम आहे. मिशी हवी असं कुठे म्हटलंय?"

५ मार्च
रजेचा अर्ज दिला. कारण — वडिलांचे निधन.
मुख्याध्यापक म्हणाले, "तुझे वडील तर मागेच गेले ना?"
"हे देवमासा, सर."
"अस्सं. मग तीन दिवस घे."

त्याच दिवशी, संध्याकाळी
सासूबाई दारातच आडव्या आल्या. "ती पट्टी या घरात नको. माझा खांग जिवंत आहे. पांढरं बांधून त्याला मारू नकोस."
खांग समुद्रावर गेला त्याला आठ महिने झाले. होडीच्या फळ्या मिळाल्या. तो नाही. नवऱ्याचा फोटो घरातल्या गेलेल्यांच्या वेदीवर ठेवायचा नाही, रडायचं नाही — घरचा नियम.
पट्टी शेजारी कुकताईंकडे ठेवली. बाहेर पडताना बांधायची, आत येताना सोडायची.

६ मार्च
आजोबांना देवळामागच्या वाळूत पुरलं. अख्खं गाव होतं. थोरल्या मुलाने रडायचं असतं. रडले. मग थांबताच येईना. दिन्हकाकांचे मंत्र संपले तरी मी चालूच!
कुकताई कानाशी म्हणाल्या, "पुरे गं, आजोबाही अवघडतील."

७ मार्च
डोळे सुजलेले. दिवसभर झोपले.

१० मार्च
सासूबाई आणि कुकताईंची कुंपणावरून जुंपली.
"माशासाठी एवढं रडं!"
"मासा म्हणू नका, म्हातारे, जीभ झडेल! बुडणाऱ्याला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणतात ते."
"मग माझ्याला का नाही आणलं?"
कुकताई घरात गेल्या. मी भाजी चिरत राहिले.

१२ मार्च
सासूबाई जेवताना म्हणाल्या, "मी तुझ्याआधी पाहिला होता. मी रोज जाते किनाऱ्यावर, तू उठायच्या आत. लांबून वाटलं, खांगची होडी उलटून पडलीय. जवळ गेले तर आजोबा. पांढरं बांधावं लागेल म्हणून मागे फिरले."
म्हणजे थोरला मुलगा त्या.
कुकताईंकडून पट्टी आणली. सासूबाईंच्या कपाळाला बांधली. त्यांनी बांधू दिली.