मागच्या दारासमोरचं कपाट

सोमवार, १० नोव्हेंबर
दिवाळीची सुट्टी संपली आणि पत्र आलं. प्रत्येक शाळेत एक सुरक्षा नोडल शिक्षक नेमायचा. मुख्याध्यापक श्रीपत सरांनी पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हिरामण सर, तुमच्यासारखा अनुभवी माणूस तालुक्यात नाही. शाळेत आम्ही तिघंच. त्यांचे गुडघे दुखतात आणि जागृती मॅडमना नोकरीला लागून सहा महिने झालेत. तरी निवड गुणवत्तेवर झाली असं माझं मत आहे.

सव्वीस वर्षांत माणसं मोजली, मतदार मोजले, संडास मोजले, म्हशी मोजल्या. आता आपत्ती. कंटाळा आलाय. पण मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. संकल्प: ३० तारखेपर्यंत आमची चांदीपची शाळा तालुक्यात सर्वांत सुरक्षित.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
पाहणी केली. चार खोल्या, एकच जाळी लावलेला व्हरांडा, एकसष्ट मुलं. व्हरांड्याचं पुढचं दार खिचडीच्या स्वयंपाकखोलीला चिकटून. मागच्या दारासमोर लोखंडी कपाट. म्हणजे उद्या गॅस भडकला तर पुढे आग आणि मागे कपाट. हे मी स्वतः शोधून काढलं. जागृती मॅडम म्हणतात, त्यांनी ऑगस्टमध्येच मला सांगितलं होतं. असेल. लेखी नाही.

खिचडी शिजवणाऱ्या रखमाबाई म्हणाल्या, गुरुजी, चार मानसं लावा नि सारा बाजूला, त्यात येवढा इचार कसला? भोळी बाई. कपाट जडसंग्रह नोंदवहीत आहे. स्थान: मागील दार. वहीत आहे ती वस्तू अशी उचलून कुठेही ठेवता येत नाही. लेखी परवानगी लागते. उद्या अर्ज करतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
अर्ज राहिला. आधी आराखडा. मोठ्या कागदावर शाळेचा नकाशा काढला. बाहेर पडायचे बाण हिरव्या स्केचपेनने. एक बाण कपाटातून जातो. तूर्त जाऊ दे. नकाशा लॅमिनेट करून आणला, व्हरांड्यात लावायला जागा शोधली. कपाटाच्या दारावर छान बसला.

सोमवार, १७ नोव्हेंबर
अर्ज दिला. श्रीपत सरांनी दोनदा वाचला. म्हणाले, अधिकार केंद्रप्रमुखांचा. केंद्रप्रमुख मुलीच्या लग्नासाठी रजेवर. माझ्याकडून काम झालं. पोच घेतली आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दु. ४.३०
मॉक ड्रिल. पोर्टलवर फोटो टाकायचा आज शेवटचा दिवस. साडेतीनला घंटा मी स्वतः दिली. आणीबाणी आहे हे कळावं म्हणून चांगली लांबलचक दिली. मुलं काय उठली! दप्तरं भरली, चपला घातल्या, रांगेने पुढच्या दारातून बाहेर. पंचावन्न सेकंद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मोजणीसाठी मैदानात चिंचेखाली गेलो तर तिथे चिटपाखरू नाही.

लांब घंटा म्हणजे शाळा सुटली. हे आमच्याकडे अंगणवाडीपासूनच्या पोराला माहीत आहे. सगळी घरी गेली. रखमाबाईंनी बांधावरून हाका मारून अकरा जणांना फोटोपुरतं परत आणलं.

अहवालात लिहिलं: संपूर्ण शाळा पंचावन्न सेकंदांत रिकामी. एकही विद्यार्थी धोक्याच्या ठिकाणी आढळला नाही. यात खोटं काय आहे?

जागृती मॅडमनी विचारलं, पुढचंच दार पेटलं तर? या बाईंना प्रत्येक गोष्टीत 'तर' लागतो.

बुधवार, २६ नोव्हेंबर
कामणला एका गोदामाला आग लागली. माणसं वाचली म्हणे. शाळेवरून काळा धूर स्पष्ट दिसत होता. मुलं खिडकीला, मी त्यांच्या मागे.

फुलपाड्याला घरी पोचेपर्यंत रीमाने बातमी पाहिली होती. चहा देता देता विचारलं, तुमच्या शाळेचं मागचं दार उघडतं का? म्हटलं, आराखडा तयार आहे, लॅमिनेट केलेला आहे. तिने पुन्हा विचारलं, दार उघडतं का? सरकारी काम बायकोला समजावणं कठीण. चहात साखर नव्हती.

सोमवार, १ डिसेंबर
काल ३० तारीख होती. पण रविवार होता, म्हणून धरायची नाही. मुदत १५ डिसेंबर.

घंटेचं नवं वेळापत्रक करतोय. तीन छोट्या, थांबा, दोन छोट्या. आगीसाठी एक, सापासाठी एक, भूकंपासाठी एक. घोळ होतोय. तोवर जागृती मॅडमनी पी.टी.ची शिट्टी आणली आणि परस्पर मुलांना सांगून टाकलं, शिट्टी वाजली की दप्तर सोडायचं आणि मागच्या दाराने चिंचेखाली. मी म्हटलं, मॅडम, मागचं दार बंद आहे. त्या म्हणाल्या, तेच तर.

शनिवार, ६ डिसेंबर
काल वसईला प्रशिक्षण होतं. वडा गार, प्रमाणपत्र उत्तम. आज येऊन बघतो तर कपाट नाही! मागचं दार सताड उघडं, बिजागऱ्यांना खोबरेल. माझ्या पाठीमागे जागृती मॅडम, रखमाबाई आणि दोन मुलांच्या आयांनी मिळून कपाट पाचवीच्या वर्गात ढकललं. परवानगी नाही, नोंद नाही, पंचनामा नाही. उद्या तपासणी झाली तर वहीत कपाट मागच्या दाराशी आणि दाराशी नुसतं अंगण. सही माझी आहे. नोकरीची चार वर्षं उरलीत.

रखमाबाईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, गुरुजी, वहीतच खाडाखोड करा ना. मी वही कुलपात ठेवली.

संकल्प: सोमवारी कपाट पूर्ववत.

सोमवार, ८ डिसेंबर
सगळे प्रार्थनेला असताना कपाट एकट्याने ढकलून पाहिलं. पाच-सहा इंच हललं. कमरेत चमक भरली. तिसरीतली अक्षया उशिरा आली होती, ती दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, गुरुजी, दार पुन्यांदा बंद करताव काय? म्हटलं, नियम आहे. ती रांगेत गेली. मला उगाच वाईट वाटलं.

गुरुवारी दोन मजूर येतील. शंभर टक्के.

बुधवार, १० डिसेंबर, दु. ३


बाराच्या सुमारास ऑफिसात बसून ऑनलाइन परीक्षा देत होतो. विषय, शालेय आपत्ती. आवाज नको म्हणून दार लावलेलं, कानात इअरफोन. तिकडे स्वयंपाकखोलीत गॅसच्या नळीने पेट घेतला. रखमाबाईंनी रेग्युलेटर बंद केला, ओलं पोतं टाकलं. पण बाजूची बारदानं पेटली आणि व्हरांडाभर धूर झाला. पुढच्या दाराजवळ जाता येईना. जागृती मॅडमनी शिट्टी वाजवली. मुलांनी दप्तरं सोडली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. श्रीपत सरांचे गुडघेसुद्धा वेळेत पोचले. चिंचेखाली मोजणी झाली. एकसष्ट.

मग अक्षया म्हणाली, हिरामण गुरुजी नाय आले.

हे सगळं मला नंतर कळलं. मला आठवतं ते एवढंच, की ऑफिसचं दार उघडलं, धूर आत आला आणि तोंडाला ओला पदर लावलेल्या रखमाबाईंनी माझा इअरफोन खेचला. म्हणाल्या, उठा. मी म्हटलं, दोनच प्रश्न उरलेत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला चालवत नेलं. व्हरांड्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. मी सवयीने पुढच्या दाराकडे वळलो, त्यांनी उलटं ओढलं. सव्वीस वर्षं त्या व्हरांड्यात चालतोय. त्या नसत्या तर मला दार सापडलं नसतं.

बाहेर आलो तेव्हा मुलं ओळीत उभी होती. कोणी हसलं नाही. मला रडू आलं. धुरामुळे, असं मॅडमना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाणी दिलं.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सोमवारी माझ्यात जरा जास्त जोर असता तर. हे वाक्य पुरं करवत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर
सकाळी मजूर आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

दुपारी पोर्टलवर दुर्घटना अहवाल भरला. जखमी: निरंक. अडकलेल्या व्यक्ती: इथे थांबलो. श्रीपत सर मागून म्हणाले, शून्य लिहा, शिक्षक कशाला धरता? सव्वीस वर्षांत असे कितीतरी शून्य लिहिले आहेत. आज लिहिवेना. एक लिहिला.

पुढचा रकाना नाव. नाव लिहिलं. त्यापुढे इयत्ता. शिक्षकासाठी पर्यायच नाही. रकाना मोकळा सोडून पाहिला, पोर्टल पुढे जाईना. दोनदा लाल अक्षरांत सूचना आली, कृपया इयत्ता निवडा.

'पहिली' निवडलं. अहवाल लगेच स्वीकारला गेला.