हंसराजाला सोडलेलं पाणी

१० जून २०२४, सोमवार

आले बाई एकदाची. सेलमपासून बसमध्ये बसून कंबरेचा पार खुळखुळा झाला, पण घर बघितलं आणि शिणवटा पळाला. दोन मजली, नवं बांधलेलं, फरशी आरशागत. मला स्वयंपाकघराला लागून खोली दिलीय. खिडकीतून रस्ता दिसतो, फिल्टर कॉफीचा वास येतो, दिवसभर बसच्या भोंग्यांची करमणूक आहेच.

वही घरमालकीण गायत्रीबाईंनी दिली. त्यांच्या झाडाला रोज काय केलं ते लिहायचं. मी म्हटलं, चौथी नापास बाईला वही देताय, हसाल नंतर. म्हणाल्या, जमेल तसं लिहा. झाडाचं दोन ओळींत उरकेल, बाकीची पानं माझी.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं असतं. तर मी भवानी, आटपाडीची. नवरा सेलमला सोनं गाळायचा, आमच्याकडची पुष्कळ माणसं तिकडं त्याच धंद्यात आहेत. ॲसिडच्या धुरानं गेला चार वर्षांमागं. लेक एकच, नित्या. इथून बसनं जवळच दारासुरमला दिली, जावई प्रवीणकुमार रेशमाच्या मागावर बसतो. तिला सातवा महिना चालू आहे. तिच्याजवळ राहायला मिळावं म्हणूनच ही नोकरी धरली, नाहीतर दुसऱ्याच्या घरी झाडं कोण सांभाळतंय.

११ जून

गायत्रीबाई पासष्टीच्या, बँकेतून रिटायर, एकट्या. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते. मराठी अशी बोलतात की पोथीच तोंड उघडून बोलतेय. मला म्हणाल्या, "येऊनश्यान उभ्या कां, बैसा." हसू दाबता दाबता मला ठसका लागला. त्याही मला म्हणाल्या की तुमची मराठी भांडल्यासारखी वाटते. वाटेना का.

झाड वरच्या मजल्यावर वापरात नसलेल्या न्हाणीघरात आहे. निळ्या टाइल्स, दुधी काचेची खिडकी, पंखा नाही. मोठी मातीची कुंडी, तिच्याखाली पितळी परातीत खडे आणि पाणी, म्हणजे दमटपणा राहतो. झाड म्हणजे हंसराज, नेच्याचीच एक जात! आमच्याकडं पाणी असलेल्या विहिरीला हे फुकट उगवतं, कुणी बघतही नाही. इथं त्याला खोली आहे, दार आहे, आणि मी आहे.

नियम पुष्कळ. बोअरचं पाणी द्यायचं नाही, त्यातल्या खारानं टोकं करपतात. फिल्टरचं द्यायचं. पानांवर ओतायचं नाही. वारा नको, ऊन नको. वाळलेलं पान बुडाशी कापायचं. पानामागं तपकिरी ठिपक्यांच्या ओळी आल्या तर कीड समजून खरडायच्या नाहीत, ते त्याचं बी.

शेवटचं म्हणजे रोज सकाळी उजव्या तळहातावरून उदक सोडायचं, नाव घ्यायचं आणि "न मम" म्हणायचं. नावाबद्दल त्या पुढं काहीतरी सांगत होत्या, पण खाली दूध उतू जायला आलेलं, मी पळाले. वर आले तर बाई बॅगेला चेन लावत होत्या. दुपारच्या गाडीनं बेंगळूरला बहिणीकडं गेल्या, डोळ्याचं ऑपरेशन आहे. दीड महिना येत नाहीत.

नावाचं काय विचारायचं? इथल्या देवळात अर्चनेला नाव-नक्षत्र सांगतातच की. ज्याचं भलं व्हावं त्याचं सांगायचं. मी लगेच ठरवलं. नित्या, रोहिणी नक्षत्र. बाळंतपण सुखाचं होऊ दे. "न मम" म्हणजे काय कोण जाणे, तमिळ असेल.

१६ जून, रविवार

मी आले तेव्हा झाड मरतुकडं होतं, आता फुटलंय. मुळापाशी वेटोळी वर आलीत, लहान मुलाच्या मुठीसारखी. देठ काळेभोर, चमकदार, केसासारखे बारीक. माझा हात चांगला आहे म्हणायचा.

बसनं दारासुरमला जाऊन आले. नित्याच्या सासूनं, सुब्बलक्ष्मीनं, दारातच विचारलं, सेलमवरून नुसती पिशवीच आणली का. मी म्हटलं, पिशवीत हात घातल्याशिवाय कसं कळणार. पोरगी हसली. सांगत होती की केस फार गळतायत. गरोदरपणात होतं, म्हटलं, खोबरेल लाव.

१९ जून

दहा नवीन पानं. नाव-नक्षत्र, पाणी, न मम. रोजचं.

नित्याचा फोन. बोअरच्या पाण्यानं बोटांची टोकं काळी पडतात म्हणते, फिल्टरचं मागवलंय. पंखाही सोसत नाही. म्हटलं, नखरे कर, हेच दिवस आहेत.

नंतर भांडी घासताना हात थांबला. पण झाडाचे नियम मी तिला कधी सांगितले नव्हते.

२३ जून, रविवार

वळैकाप्पु झाला. सातव्या महिन्यात इथं पोटुशीच्या हातभर काचेच्या बांगड्या भरतात. नित्याच्या हातात भरायला घ्याव्या तर सरकून खाली पडत होत्या. गेल्या रविवारी हेच मनगट माझ्या मुठीत मावत नव्हतं. केसांत फुलं माळायला गेले तर पिन धरेना. वेणी माझ्या करंगळीएवढी राहिलीय.

ओटी भरताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि जावयाला हळूच विचारलं की या कोण. सगळे हसले, तीही हसली. सुब्बलक्ष्मी म्हणाली, आई गरीब असली की लेकी ओळख विसरतात. मी खाली पडलेल्या बांगड्या वेचत बसले.

२४ जून

सकाळी वर गेले. झाड खिडकीपर्यंत. काळे देठ कुंडीवरून खाली लोंबतायत. हातात घेतले. सेलमला बारा वर्षं मी नित्याची वेणी घातली. हाताला कळतं की काय धरलंय.

नाव घेतलं नाही. पाणीही नाही.

२५ जून

दुपारी प्रवीणकुमारचा फोन. नित्याला दवाखान्यात नेलंय. अंगात पाणीच राहिलं नाही म्हणतात, सलाईन लावलं. बाळाचे ठोके मंद झाले. काल सकाळपासून तिला काही उतरेना, घोट घेतला की बाहेर.

काल सकाळपासून.

पळत वर गेले. झाड कोमेजून कुंडीच्या काठावर पडलेलं. तांब्याभर पाणी घातलं, बिननावाचं. तासाभरात फोन आला, पोरगी उठून बसलीय.

मी परातीजवळ खाली बसले.

२९ जून

गायत्रीबाईंना आठ वेळा लावला. डोळ्याला पट्टी आहे, बहीण फोन देत नाही. म्हणते झाडाचं नंतर बोला. बाईंचं झाड खड्ड्यात गेलं.

१ जुलै

आता नाव घेत नाही, पाणी तेवढं देते. तरी झाड वाढतंय. मग म्हटलं, मुळापासूनच उपटते. कात्री घेतली. एक देठ कापला, एकच.

फोन. प्रवीणकुमार ओरडत होता. बसल्या जागी नित्याच्या डोक्यातून रक्त आलं. एक बट मुळासकट —

कात्री नळाखाली धुतली. रक्त नव्हतं तिला. तरी धुतली.

४ जुलै

दारासुरमला गेले. नित्या न्हाणीघरात ओल्या फरशीवर बसलेली, तिथंच बरं वाटतं म्हणते. मी पाठ चोळायला लुगडं बाजूला केलं. पाठीवर तपकिरी ठिपके. ओळीनं. दोन्ही बाजूंना सारखे.

खरडायचं नसतं. मला माहीत आहे ते.

तिनं मला अहोजाहो केलं. म्हणाली, आपण बसा, आपल्याला कॉफी सांगते. पोटावर हात ठेवू का विचारलं तर मागं सरली.

७ जुलै

गायत्रीबाईंचा फोन आला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की नाव कोणाचे घेतले. सांगितलं.

त्या दिवशी अर्धं राहिलेलं त्यांनी आता सांगितलं.

"न मम" संस्कृत आहे. माझं नाही, असा अर्थ. हातावरून पाणी सोडून असं म्हटलं की दिलं, आपला हक्क संपला. जे नकोसं आहे त्याचं नाव घ्यायचं असतं, हे त्या सांगत होत्या तेव्हा मी दुधाकडं पळाले. त्यांनी गुडघेदुखी दिली. भावाशी असलेला राग दिला. आणि मी तेरा सकाळी, नक्षत्रासकट, माझी पोरगी —

मी विचारलं, परत कसं मागायचं. म्हणाल्या, उदक सोडिलेलें मागतां येत नाहीं. बदली दुसरी वस्तू देता येते. तेवढीच मोलाची, आणि आपली स्वतःची. आमच्या आजीनं एकदा दिली होती. काय दिली? रडायला लागल्या. म्हणाल्या, तेच तर आजीला आठवत नव्हतं.

८ जुलै

ठेवणीतल्या मंगळसूत्राच्या वाट्या सोडल्या. काही नाही.

माझे डोळे म्हटलं. उजवा हात म्हटलं. आयुष्य म्हटलं. काही नाही. माझं आयुष्य त्याला नको. मोलाचं नाही वाटतं. खरंच आहे.

९ जुलै

डॉक्टर म्हणतात आज-उद्यात बाळ काढावं लागेल, नाहीतर दोघंही. ठोके लागत नाहीत नीट.

झाडानं दार अडवलंय. आत वाकून जावं लागतं. मधोमध एक नवं वेटोळं आलंय, पोटरीएवढं जाड, मऊ, लव असलेलं. बोट लावलं. आतून हललं —

झाडाला बाळ पण हवंय. पण मी त्याचं नाव कधी — त्याला तर अजून नावच नाही.

१० जुलै, सकाळ

कळलं काय द्यायचं ते. माझ्याजवळ एकच आहे.

आधी लिहून ठेवते. नित्या रोहिणीवर झाली, पहाटे, सेलमच्या सरकारी दवाखान्यात. चालायला उशिरा लागली. तिखट खाते. रागावली की मला नावानं हाक मारते, भवानीबाई म्हणते. शाळेतून येताना माझ्यासाठी चिंचा आणायची, अर्ध्या वाटेत खाऊन. तिच्या डाव्या कानामागं तीळ आहे. हे सगळं माझं आहे.

तळहातावर पाणी घेतलंय, डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. काय म्हणायचं ते पाठ केलं. नित्याची आई. नित्याचं आईपण. न —

१० जुलै

वरच्या न्हाणीघरातलं झाड मेलंय. सगळं तपकिरी, हात लावला की चुरा. गायत्रीबाई ओरडतील. पाणी तर रोज घालत होते. झाडून काढायला अर्धा दिवस गेला.

प्रवीणकुमार म्हणून कुणाचा तरी फोन. मुलगी झाली, दोघी सुखरूप, असं रडत सांगत होता. चुकीचा नंबर. बरं झालं म्हटलं, ठेवला.

१२ जुलै

आपली वही वाचली. अक्षर माझं. नित्याला लेक लिहिलंय, ही कोण ते कळेना. सेलमला शेजारी होती काय? पाणी हातावर घेऊन लिहिलंय, वेड लागलं होतं का मला. छातीत सारखं दुखतंय, दूध तटल्यासारखं. या वयात.

फोन वाजतो. उचलला की एक पोरगी रडते. मी ठेवते.

२२ जुलै

सकाळपासून दारात एक बाई बसलीय. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं, मांडीवर तान्हं. रिक्षानं आली. आई, आई करून दार बडवतेय. भवानीबाई, असंही ओरडली. नाव कुठून कळलं कोण जाणे. रस्त्यावरची माणसं जमलीत, मलाच बोलतायत.

दोनदा हाकललं. जात नाही. उन्हात तान्हं घेऊन बसायचं म्हणजे काय, अक्कल नाही मेलीला. पाणी तरी देते.

दिलं. पिताना फडकं सरकलं. डाव्या कानामागं तीळ —

वहीत लिहिलंय तसाच. वही काढून तिच्यापुढं धरली, विचारलं की यातली नित्या तूच का. ती वाचतेय. मोठ्यानं वाचतेय, आणि मला काही, काहीच होत नाही, नुसतं लुगडं पुढून ओलं झालंय, आणि ती तान्ही माझ्याकडं हात करून —

सांगितलं तिला. बाई, चुकीच्या घरी आलीस. मला मूलबाळ —