डिस्चार्जपूर्वी कवळी तोंडात ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, पहिला मजला.

(मार्फत : वॉर्डच्या सिस्टर, कारण अर्जदारास खाटेवरून उठण्यास मनाई आहे.)

विषय : अर्जदाराची स्वतःची कवळी स्वतःच्या तोंडात ठेवण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) रुग्णांच्या वस्तू जमा करण्याचे नियम, कलम चार ते नऊ.
२) डॉक्टरांची आज सकाळची चिठ्ठी.
३) सदर चिठ्ठीवर भांडाराचा शेरा : 'डिस्चार्ज कार्ड जोडलेले नाही.'

महोदय,

१. मी याच रुग्णालयाचा सेवानिवृत्त हेडक्लार्क असून काल सकाळपासून खाट क्रमांक अकरावर दाखल आहे. माझी फुप्फुसे थकली आहेत. आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो व माणूस बसल्या जागी पेंगू लागतो. (नोकरीत मी दुपारी पेंगत असे, त्याचे कारण वेगळे होते.) उपाय म्हणून नाकातोंडावर मास्क बांधून यंत्राने हवा आत ढकलली जात आहे. घशात नळी घालण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही सोय आहे. मास्कमुळे बोलता येत नाही म्हणून लेखी कळवीत आहे. बोलता आले असते तरी अर्जच केला असता.

२. मास्क नीट बसण्यास गाल लागतात आणि गाल जागेवर राहण्यास दात लागतात. माझे वरचे व खालचे सर्व दात आपल्या भांडारात, डबी क्रमांक सत्तावीसमध्ये जमा आहेत. त्यामुळे तोंडाचे बोळके होऊन गाल आत बसले असून मास्कच्या दोन्ही कडांनी हवा फुसफुसत निसटते, डोळ्यांत शिरते, आणि यंत्र दर दोन मिनिटांनी कोकलते. शेजारच्या खाटेवरील आजोबांनी "अहो, त्याला काय हवंय ते एकदाचं देऊन टाका," अशी तोंडी तक्रार केलेली आहे.

३. डॉक्टरबाईंनी सकाळी रक्त तपासले. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही शुद्धीवर आहात, उलटी नाही, कवळी घट्ट बसते ना? मग घाला की. सहाला मी परत रक्त बघते. तोवर हवा गळायची थांबली नाही, तर मात्र नळी घालावी लागेल. आणि या फुप्फुसांना नळी एकदा घातली की निघेल कधी, ते मी सांगू शकत नाही." त्यांनी चिठ्ठी दिली. ती पाव तासात वर नमूद केलेल्या शेऱ्यासह परत आली.

४. नियमाप्रमाणे जमा कवळी दोनच प्रसंगी परत मिळते. एक, डिस्चार्ज झाल्यावर रुग्णास. दोन, रुग्ण मयत झाल्यावर वारसास. पहिल्या मार्गाने कवळी मिळण्यास डिस्चार्ज हवा, डिस्चार्ज मिळण्यास श्वास हवा आणि श्वास घेण्यास कवळी हवी. दुसरा मार्ग खुला आहे, परंतु तो अर्जदारास गैरसोयीचा आहे.

५. हे नियम कोणा मूर्खाने केले, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. ते मी केले. बावीस वर्षांपूर्वी एक कवळी चादरींबरोबर धुलाईत गेली व तिच्यावर दोन रुग्णांनी हक्क सांगितला. दोघांच्याही तोंडात ती बसली. भांडण मिटेस्तोवर दोघेही आळीपाळीने जेवले. तेव्हा तत्कालीन अधीक्षकांच्या आदेशाने मी एका बैठकीत सहा कलमे लिहून काढली व त्यांचा मला फार अभिमान होता. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे म्हणतात ते हेच, फक्त धोंडा पडायला बावीस वर्षे लागली.

६. दरम्यान पत्नीने तात्पुरती व्यवस्था केली. ती उशाशी उभी राहून दोन्ही तळव्यांनी मास्कच्या कडा माझ्या गालांवर दाबून धरीत होती. तसे धरले की यंत्र गप्प बसे. लग्नाला चाळीस वर्षे झाली, पण तिने माझे गाल इतका वेळ कधी धरले नव्हते. "जन्मभर लोकांना कलमं दाखवलीत ना? भोगा आता," असे ती म्हणत होती, पण हात काढत नव्हती. तिला संधिवात आहे. तिची पकड सैल पडत चाललेली मला गालावर कळत होती व मी घाबरलो होतो, हे येथे स्पष्ट नमूद करतो.

७. मी भांडारपालास चिठ्ठी लिहून बोलावले. हा माझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस. तो डबी, नोंदवही व एक जुनी फाइल घेऊन आला. म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलंत, पूर्वदाखला बघितल्याशिवाय सही करायची नाही. दाखला तुमच्या विरोधात आहे." फाइलीत सोळा वर्षांपूर्वीचा एका बाईंचा अर्ज होता. नवरा दाखल आहे, बोलतो ते दातांवाचून समजत नाही, काहीतरी सारखे सांगू पाहतो, तरी कवळी थोडा वेळ मिळावी, अशी विनंती. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात शेरा : 'नियमात बसत नाही.' खाली नोंद होती की तीन दिवसांनी कवळी बाईंना देण्यात आली. दुसऱ्या मार्गाने. तो अर्ज मी वाचला, आणि बराच वेळ मला भांडारपालाकडे बघवले नाही.

८. भांडारपालाने फाइल मिटली. मग त्याने नोंदवही उघडली व कलम नऊ मोठ्याने वाचले : 'वाद उद्भवल्यास कवळी मालकाच्या तोंडात बसवून ओळख पटवावी.' "साहेब, ही कवळी तुमचीच आहे याबद्दल मला शंका आहे," तो म्हणाला, आणि सिस्टरांकरवी ती धुऊन माझ्या तोंडात बसविली. पडताळणी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाली असून अद्याप पूर्ण झालेली नाही. यंत्र तेव्हापासून शांत आहे. शेजारचे आजोबा झोपले आहेत. पत्नी हात मांडीवर ठेवून बसली आहे. भांडारपाल दाराशी स्टुलावर बसून माझ्याकडे अत्यंत संशयाने पाहत आहे.

९. मात्र त्याची पाळी पाचला संपते. तत्पूर्वी आपली मंजुरी न आल्यास त्याला कवळी काढून कुलुपात ठेवावी लागेल, आणि तो ठेवील. त्याला मी शिकवले आहे.

सबब विनंती की, कवळी तोंडात ठेवण्यास पाच वाजण्यापूर्वी मंजुरी द्यावी. भांडारपालाकडून खुलासा मागू नये. तसेच डॉक्टरांनी लिहून दिल्यास कोणाही रुग्णास त्याची कवळी त्याच दिवशी मिळावी, अशी दुरुस्ती कलम चारमध्ये करावी. मसुदा मी तयार केला आहे. यावेळी तो एका ओळीचा आहे.

आपला नम्र व तूर्त हवाबंद,

(सही)
सेवानिवृत्त हेडक्लार्क,
खाट क्रमांक अकरा.
दिनांक : आजचा. वेळ : दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी, भांडाराच्या शेऱ्यासह.
२) कलम चारच्या दुरुस्तीचा मसुदा.
३) सोळा वर्षांपूर्वीचा बाईंचा मूळ अर्ज. त्यावरील माझा शेरा मी आज खोडला असून खाडाखोडीवर सही केली आहे. 'मंजूर' असे लिहिले आहे. उशीर झाला, याची मला जाणीव आहे.