जांघ म्हणायला शिकवलंत

बाई, दीड महिन्यापूर्वी शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कुठं दुखतंय?" मी सरळ सांगितलं, "डाव्या जांघेत, आतल्या बाजूला." डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे, तेच जरा गडबडले. डोळखांबच्या रानात गस्तीवर असताना ओढ्यातल्या शेवाळावरून माझा एक पाय सरकला, दुसरा दगडावरच राहिला, आणि आतून काहीतरी ताणून गेलं. तेव्हा जीपमधून उतरताना, कुशीवर वळताना, अगदी शिंक आली तरी कळ यायची. स्नायूचं हाडाला धरणारं टोक दुखावलंय, फाटलेलं नाही, असं ते म्हणाले. मला ही कळ ओळखीची होती. नववीत असताना उजव्या पायाला हीच होती, आणि तेव्हा मी ती गुडघ्यात आहे म्हणून सांगत होते.

किन्हवलीच्या शाळेच्या मैदानावर तुम्ही आम्हा पोरींना कबड्डी शिकवायचात. तालुक्याच्या सामन्यांना तीन आठवडे उरले असताना, चढाईत मी पाय लांब ताणला आणि दोघींनी घोटा धरला. दुखलं ते अशा जागी की तिचं नाव आमच्या घरात कुणी मोठ्यानं घेत नसे. मग मी गुडघ्याला पट्टी बांधली. आई रोज गुडघ्याला तेल चोळायची आणि मी बरं वाटतंय म्हणायचे. दोन आठवडे असे गेले. एका संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या भाड्याच्या खोलीवर बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात नाचणीचं पीठ मळताय, मी दाराशी उभी आहे. वर न बघता तुम्ही म्हणता, "बस खाली." मी भिंतीला धरून, पाय बाहेर टाकत बसते.

"गुडघा दुखणारी पोर अशी बसत नाय. कुठं दुखतंय गो?"

 तुम्ही तवा उतरवलात, पिठाचे हात तसेच ठेवून माझ्यासमोर बसलात. मी बोटानं दाखवलं.

"नाव हाय त्याला. जांघ. म्हण."

"जांघ," मी पुटपुटले, आणि रडायला लागले.

"दोन आठवडे खोटा गुडघा चोळत बसलीस? ह्यात लाजायचं काय? पाय जातील ना तुझे!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मग भाकरी वाढलीत. जेवण झाल्यावर मला उताणं झोपवलंत, गुडघे वर घ्यायला लावलंत आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधे शाळेतला जुना व्हॉलीबॉल ठेवलात. "हळूहळू दाब. कळ आली तर कमी दाब. ताणायचं अजिबात नाय, चोळायचंपण नाय." मी दाबत होते आणि तुम्ही आकडे म्हणत होतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या पाड्यावर चालत आलात आणि आईला बाजूला नेऊन सगळं समजावलंत. त्या दिवसापासून पाण्याचे जड हंडे भाऊ आणू लागला.

सामन्याला तुम्ही मला बसवलंत. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमची सगळ्यात चांगली चढाईवाली बाहेर कशाला बसवली? नीट चालत तर होती!" तुम्ही एवढंच म्हणालात, "तिचा पाय तयार नव्हता." कुठला भाग, काय झालं, एक शब्द नाही. पुढे स्टाफरूममध्ये तुम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं, हे मला फार उशिरा कळलं. पाय बरा व्हायला पुरते चार महिने गेले. आधी नुसतं दाबणं, मग चालणं, मग बाजूला पावलं टाकणं, सगळ्यात शेवटी पळणं. मी घाई केली की तुम्ही मैदानाबाहेर काढायचात. वनरक्षक भरतीत मी धावले ते त्याच पायांवर, बाई. आज चाळिशी उलटल्यावरही डोंगर चढते.

आता डॉक्टरांनी गुडघ्यांच्या मधे उशी दाबायला सांगितली आहे. रोज सकाळी ओटीवर पडून ते करते. सहा आठवडे झाले, जीपमधून आता आधाराशिवाय उतरते. माझ्या लेकीनं मध्यंतरी येऊन "आई, जांघेत लचक भरलीय" असं चहा ओतता ओतता सांगितलं, तेव्हा तुमची फार आठवण झाली. तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. मुरबाडला तुमच्या घरी आता दुसरे लोक राहतात, तेव्हा हे पत्र टाकणार तरी कुठं?

पण एक सांगायचं राहिलंय. त्या दुखण्याच्या पुढच्या वर्षी, दहावीत, मुरबाडच्या मैदानावर, अंतिम सामन्याआधी, तुम्ही माझी हनुवटी धरून विचारलंत, "खरं सांग, दुखतंय?" मी म्हणाले, "नाय बाई, अजिबात नाय." आम्ही जिंकलो, तुम्ही सगळ्यांदेखत रडलात.

थोडं दुखत होतं, बाई.