बघत बसण्याचं काम

५ ऑक्टोबर १९९८, नागापूर

लॉजमालकाने बादली दिली, तांब्या दिला नाही. मानवजातीने चाकाच्याही आधी तांब्याचा शोध लावला असणार. ती बातमी या लॉजवर अजून पोचायची आहे. ओंजळीने अंघोळ उरकून एमआयडीसीत हजर झालो. बाकी स्वागत झकास. मालक रंगनाथशेठ यांनी स्वतः शेड दाखवली, वर भेळ मागवली.

काम किरकोळ दिसतंय. पत्र्याचे भाग ठोकणारा एक प्रेस आहे, त्यावर मनकर्णाबाई असतात. हात साच्यात असला की कॉम्प्युटरने प्रेस थांबवायचा. लाइट गेल्यावर बॅटरी पुरावी म्हणून आधीच्या इंजिनिअरने ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, एक सोय घातली: काम नसलं की प्रोसेसरने वेग उतरवायचा, आलं की चढवायचा. आता तो उतरतो, पण चढत नाही. त्यामुळे प्रेस उशिरा थांबतो. परवा बाईंच्या बांगड्या फुटल्या, हात वाचला. तो इंजिनिअर काम अर्धवट टाकून गेला म्हणे.

७ ऑक्टोबर

गंमत आहे. वेगाचे आकडे स्क्रीनवर लावून मी समोर बसलो की प्रोसेसर पूर्ण वेगाने पळतो. साहेब दिसल्यावर फायली हलवणाऱ्या कारकुनासारखा. मी चहाला उठलो की ढेपाळतो. आकडे दाखवणारा प्रोग्राम हेच त्याला काम वाटत असेल, अशी स्वतःची समजूत घातली. पण मी उठलो तरी प्रोग्राम चालूच असतो. मग?

९ ऑक्टोबर

वेग बदलणाऱ्या ओळीच उडवल्या. कर्नल नव्याने बांधला. तरी तेच.

फिटर पुंजाराम म्हणाला, त्याला तुमी बसल्यागत वाटलं पायजे. खंडेनवमीच्या पूजेतला नारळ आणून त्याने स्पेसबारवर ठेवला. माझ्या तेवीस वर्षांच्या अनुभवाला यापेक्षा चांगलं काही सुचलं नव्हतं. जेवणापर्यंत चाललं. मग आकडा खाली. नारळ जागच्या जागी, कळ दाबलेली. मी दारातून नुसतं वळून पाहिलं, आणि चढला.

शेठना म्हटलं, प्रेस बंद ठेवा. ते म्हणाले, दिवाळीआधी माल गेला नाही तर शेडला कुलूप. तुम्ही बसलात की चालतंय ना? मग बसा की राव! मनकर्णाबाई हसल्या. म्हणाल्या, "तुमी नुस्तं बगा साहेब. आमी हाय कामाला." आणि बिनधास्त हात साच्यात घातला.

माझ्यावर असा विश्वास घरच्यांनीही कधी ठेवला नव्हता. भीती वाटली ती तेव्हा.

१२ ऑक्टोबर

बघतोय. दुसरं काही नाही. डोळ्यांत कचकच. पापणी लवली की आकडाही लवतो. आज नजर स्क्रीनवरच होती, मन तेवढं पुण्याला गेलं — तरी उतरला. म्हणजे त्याला डोळे पुरत नाहीत. सगळा मी हवा.

खुर्चीचे हात घासून पांढरे झालेत. माझ्याआधी कुणीतरी खूप बसलंय इथे —

१३ ऑक्टोबर

दुपारी डोळा लागला. दचकून उठलो. प्रेस चालू. त्यावर पुंजाराम. मनकर्णाबाई माझ्या मागे उभ्या, स्क्रीनकडे टक लावून. वेग पूर्ण.

जेवणाची सुट्टी त्यांनी माझ्या झोपेवर घालवली. डबा उघडलाही नव्हता. डोळे लालभडक. म्हणाल्या, "लई दमवतंय वो हे. मानूस पिऊन टाकतंय."

१४ ऑक्टोबर

जायचं ठरवलं होतं. स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती, पाय पायरीवर होता. उतरलो. बाईंची एक सुट्टी माझ्याकडे राहिली होती. ती फिटेपर्यंत बसू. गेलो, बसलो.

प्रेस सुरू. वेग पूर्ण. लिहिलं नाही तर झोप लागेल — म्हणून नजर न काढता, अंदाजाने — बाईंचा हात आत — बाहेर — ठोका — आत —

ओळी एकमेकींवर चढताहेत बहुतेक — एकदाच खाली बघून